चारुताचं प्रस्थान

मोरोपंतांच्या घरचा एक नियम होता. घरून जो कोणी गावाला निघेल त्यानं मुक्कामी पोचल्याबरोबर फोन करायचा, आणि तो फोन येईपर्यंत मोरोपंत जेवायचे नाहीत. नियम घरच्यांपुरता असता तर ठीक होतं. पण मुहूर्त विचारायला आलेला भातकुलीचा शेतकरी असो की धामणगावचा अडत्या, परत निघाला की फाटकापाशी मोरोपंत त्याला बजावत, "पोचलास की फोन कर रे. तोवर मी पानावर बसत नाही." मग तो बिचारा वाटेत कुणाकडे चहालासुद्धा थांबत नसे. आपल्यापायी अमरावतीत एक म्हातारे महाराज उपाशी बसले आहेत, ही जाणीव माणसाला फार वेगानं घरी नेते.

फोन करायचा तो घरच्या जुन्या, तारेच्या फोनवर. मोबाइल त्यांना मुलांनी दोनदा घेऊन दिला होता. "मोबाइल माझ्याबरोबर कुठेही हिंडतो," ते म्हणत. "हा फोन घरात असतो. पोचल्याचं घराला सांगायचं असतं."

असा फोन त्यांना चारुतानं मात्र कधी केला नव्हता. ती कुठे गेलीच नव्हती. कॉलेजच्या ग्रंथालयात तिची हयात गेली होती. लंडनची गल्ली न् गल्ली तिला पुस्तकांमधून ठाऊक होती, कुठल्या पुलावर धुकं जास्त असतं तेही ती सांगू शकली असती. पण अकोल्याचा बसस्टँड तिनं एकटीनं कधी ओलांडला नव्हता. धाकटा भाऊ सौमित्र लंडनला स्थायिक झाल्यापासून तिला बोलावत होता. दरवेळी ती एकच सांगायची, "बाबांना एकटं टाकून कशी येऊ?" हे ती इतकी वर्षं सांगत आली होती, की लग्नाच्या बाबतीतही तिनं तेच सांगितलं होतं याचा तिला स्वतःलाच विसर पडला होता.

दिवाळीनंतर सौमित्रनं तिला न विचारता तिकीट काढलं. व्हिसाच्या कचेरीत मोरोपंत स्वतः तिला घेऊन गेले, आणि ती आत गेल्यावर बाहेर खुर्ची टाकून दारातच बसले. येणाऱ्याजाणाऱ्यांना वाटलं, म्हातारबुवांना मुलीची काळजी. त्यांना काळजी होती ती मुलगी मागच्या दारानं निघून जाईल याची. व्हिसा आला. विमान शुक्रवारचं होतं.

व्हिसा आला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मोरोपंत पंचांगातून मान वर न काढता म्हणाले, "शुक्रवारी पश्चिमेला दिशाशूळ आहे."

"बाबा, विमानाला दिशाशूळ लागत नाही."

"विमानाला नाही लागत. तुला लागतो. किती वर्षांपासून बघून राहिलो."

"मग नाही जात," चारुता म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर असा काही उजेड पडला की मोरोपंतांनी चष्मा काढून तो उजेड नीट पाहून घेतला.

"जात कशी नाहीस? प्रस्थान ठेवू."

प्रस्थान ठेवणं आता फारसं कुणी करत नाही. निघायचा दिवस वाईट असेल तर आधीचा चांगला दिवस बघून प्रवाशाची एखादी वस्तू नारळ-सुपारीबरोबर फडक्यात बांधायची, आणि जायच्या दिशेला असलेल्या एखाद्या घरी नेऊन ठेवायची. शास्त्राच्या लेखी माणूस त्याच क्षणी निघाला. देह मग सवडीनं मागून गेला तरी चालतो. एकच पथ्य, निघालेलं प्रस्थान माघारी आणायचं नाही.

"वस्तू तुझी हवी," मोरोपंत म्हणाले. "जिच्यावाचून जाता येत नाही अशी."

चारुता तेव्हा ग्रंथालयातून आणलेल्या पुस्तकात लंडनच्या थंडीनं होणाऱ्या आजारांबद्दल वाचत होती. "काहीही घ्या, बाबा."

"घेऊ?"

"घ्या म्हटलं ना."

दुपारी अकोल्याचे खुशालराव नव्या घराच्या वास्तुशांतीचा मुहूर्त काढायला आले. त्यांच्या घरची सगळी लग्नं मोरोपंतांनीच लावलेली. "लंडन पश्चिमेला, अकोलाही पश्चिमेला. दिशा बरोबर आहे," असं म्हणून मोरोपंतांनी एक गाठोडं त्यांच्या हाती दिलं. खुशालरावांनी ते डोक्याला लावलं. मग दोघं फाटकापाशी बराच वेळ कुजबुजत उभे राहिले. खिडकीतून चारुताला दिसलं ते एवढंच, की बाबा हसताहेत आणि खुशालराव कानाला हात लावून कसली तरी शपथ घेताहेत.

खुशालराव गेल्यावर मोरोपंतांनी कुणाकुणाला फोन केले. संध्याकाळी अकोल्याहून फोन आला. खुशालरावांचा आवाज एवढा मोठा की स्वयंपाकघरात ऐकू आला, "पोचलो जी महाराज. दोगंबी पोचलो."

मोरोपंत खूश होऊन पानावर बसले. भरल्या वांग्यांची भाजी दोनदा मागून घेतली. "तुझा फोन केव्हा येतो बघू," असं चारुताला म्हणाले आणि झोपायला गेले. सकाळी ते उठले नाहीत.

*

तेराव्याला खुशालराव आले, ते बैठकीत शिरल्या शिरल्या भिंतीकडे तोंड करून बसले. चारुतानं पाणी नेलं, तेव्हा त्यांनी तिच्याकडे न बघता हात मागे करून गिलास घेतला. त्यांना दुःख अनावर झालं असावं, असं तिला वाटलं. पण मग ते सौमित्रला म्हणाले, "ताई सुखरूप असतीन न तिकडे?"

"कुठे?" सौमित्र म्हणाला. "ताई इथेच आहे. तुमच्या मागे उभी आहे."

"असतीन, असतीन," खुशालराव भिंतीला म्हणाले. "त्या पोचल्या म्हंजे कळवजा."

माणूस खचला की असं होतं, यावर भावाबहिणीचं एकमत झालं.

सौमित्र परत गेला. फाल्गुनात त्याचा फोन आला. "ताई, चैत्रात तुझा व्हिसा संपतो. आता बाबांचं नाव सांगू नकोस."

"वर्षश्राद्ध होऊ दे."

"त्याला अवकाश आहे. तिकीट काढलंय. जुईली शाळेत सांगत सुटली आहे, माझी आत्या येतेय म्हणून. पासपोर्ट बाहेर काढून ठेव."

चारुतानं कपाट उघडलं. पासपोर्ट नव्हता. तिनं सगळं घर शोधलं. म्हणजे तांदळाचा डबा, देव्हाऱ्याचा खण, न्हाणीघरातलं फडताळ, अशा जागा फार कसून शोधल्या. जिथे पासपोर्ट असण्याची शक्यता होती तिथे ओझरतं पाहिलं. संध्याकाळी ती पलंगावर बसली तेव्हा तिला कितीतरी महिन्यांनी हलकं हलकं वाटत होतं. पासपोर्ट हरवलेल्या बाईला लंडनला या असं कोणीच म्हणू शकत नाही. त्यात भीतीचा काही संबंध येत नाही. तो सरकारी नियम आहे.

दुसऱ्या दिवशी ती जवळजवळ आनंदात पोलीस ठाण्यात गेली. हवालदारानं अर्ज पुढे सरकवला.

"शेवटी कुठे पाहिला होता?"

"घरीच. दिवाळीनंतर. वडलांनी एक दिवस..." चारुता थांबली. तिला बाबांचा आवाज आला: जिच्यावाचून जाता येत नाही अशी. आणि मग स्वतःचा: काहीही घ्या, बाबा.

खाली 'सदर पासपोर्ट हरवला असून तो कुठे आहे याची मला माहिती नाही' असं छापलेलं होतं, आणि त्याखाली सही करायची होती. चारुतानं आयुष्यात ग्रंथालयाच्या पुस्तकाबद्दलही खोटी सही केली नव्हती.

"मॅडम, हरवला का नाही हरवला?"

"हरवला नाही. प्रस्थानाला गेला असावा."

"म्हणजे कुठे?"

"अकोल्याला. एका गृहस्थांच्या देवघरात. वडलांनीच फडक्यात बांधून..."

हवालदारानं अर्ज तिच्या हातातून हळूच काढून घेतला. "मग ते आमच्या हद्दीत येत नाही."

*

खुशालराव फोन उचलेनात. पहिल्यांदा फोन वाजून थांबला, मग कापला गेला, मग बंदच झाला. विमान तीन दिवसांवर आलं होतं. शेजारच्या प्रमोदिनीकाकूंकडे किल्ली देऊन चारुता म्हणाली, "संध्याकाळी येते. उशीर झाला तर सकाळी." खांद्याच्या पिशवीत दोन साड्या टाकल्या. विमानाचं पाहायचं नंतर; आपला पासपोर्ट दुसऱ्याच्या देवघरात असू नये, एवढाच विचार होता. एसटीच्या खिडकीशी बसून ती मूर्तिजापूरपर्यंत पिशवी धरून राहिली, जणू पिशवी उतरली तर तिलाही उतरावं लागेल.

अकोल्याला खुशालरावांच्या बायकोनं, सुभद्राबाईंनी दार उघडलं, चारुताला पाहिलं, आणि दार लावून घेतलं.

आतून आवाज आला, "अवो, आयकता काय? त्या आल्या."

"कोन?"

"ज्या गेल्या त्या."

बऱ्याच वेळानं दार उघडलं. सुभद्राबाईंनी तोंड बाजूला वळवून पाणी दिलं. खुशालराव खाटेवर बसले होते, म्हणजे खाटेवर दोन पाय होते आणि त्यावर एक उघडं वर्तमानपत्र होतं.

"खुशालराव, मी चारुता."

"असान जी," वर्तमानपत्र म्हणालं.

"फोन का उचलत नाही तुम्ही?"

"कसा उचलू? तुमी निंगाल्या हा. निंगालेल्या मानसाशी मांगून बोलत नाई कोनी. तुमी महाराजांच्या पोरी, तुमाले मी सांगू काय?"

"म्हणून तेराव्याला भिंतीकडे बघत होतात?"

"चुन्याचा पोपडा न् पोपडा पाठ झाला माया. डोये भरून आल्ते, तं पुसाचीबी पंचाईत. तुमी गिलास घेऊन मांगं उभ्या."

चारुतानं हातातलं पाणी संपवलं. मग ती म्हणाली, "त्या गाठोड्यात माझा पासपोर्ट आहे का?"

"आमी उघडलं नाई. पन हाताले कडक लागे. लहान पोथीवानी."

"द्या मग."

वर्तमानपत्र आणखी वर गेलं. सुभद्राबाई भिंतीला म्हणाल्या, "सांगा न आता. पेपरात काय लपता?"

"ते अठी नाई, ताई. पुढं गेलं."

"कुठे पुढे?"

"मलकापूरले. आमच्या पोरीच्या, आरतीच्या सासूकडे, दुर्गाबाईकडे. एका जागी लय दिस ठेवाचं नाई, पुढं सरकवत राहाचं, असं महाराजांनं सांगतलं होतं."

"अन् म्हशीचं काहून नाई सांगत?" सुभद्राबाई म्हणाल्या. "गाठोडं घरात आलं अन् चौथ्या रोजी आमच्या म्हशीनं दावं तोडलं. गरीब गाय म्हना अशी म्हैस ते. कुठी सापडली? बाळापूरच्या रस्त्यानं चालली होती, सरळ, खाली मान घालून. पश्चिमेले. मी म्हतलं, हे गाठोडं घरात ठेवाचं नाई बापा, एक एक जन निंगून जाईन."

"मग ते परत मागवून घ्या. मी इथे थांबते."

वर्तमानपत्र पहिल्यांदाच खाली आलं. खुशालरावांनी डोळे मात्र मिटून घेतले होते. "ताई, प्रस्थान माघारी येत नसते. तुमच्याच वडलाचा शबुद हाये. गाठोडं मांगं येत नाई. तं तुमी पुढं जा."

मलकापूर काही फार लांब नव्हतं. गाठोडं घ्यायचं, दिसेल त्या गाडीनं परत फिरायचं. सुभद्राबाईंनी पोळ्या आणि मिरचीचा ठेचा बांधून दिला. खुशालराव स्टेशनवर आले, तिच्या पुढे चार पावलं, मागे न बघता. लंडनच्या कुठल्या स्टेशनातून कुठली गाडी सुटते ते चारुता झोपेत सांगू शकली असती. अकोल्याच्या फलाटावर मुंबईची बाजू कुठली, हे तिनं तिघांना विचारलं, आणि तिघांनी हात एकाच दिशेला केल्यावरच तिचा विश्वास बसला.

गाडी हलली तेव्हा खुशालराव खांबाकडे बघत म्हणाले, "पोचल्या की फोन करा. मी जेवत नाई तोवर."

"मलकापूरला तर दुपारीच पोचेन."

"मलकापूरचं कोन म्हनते," खुशालराव म्हणाले.

*

दुर्गाबाई ओट्यावर बसून ज्वारी पाखडत होत्या. त्यांनी चारुताला डोळे भरून पाहिलं. त्यांना पथ्य-बिथ्य काही ठाऊक नव्हतं, किंवा असलं तर त्या मानत नव्हत्या.

"तुमीच काय त्या गाठोड्यावाल्या? या, बसा. ते गेलं."

"कुठे?" चारुतानं विचारलं, आणि प्रवासाला निघालेल्यानं स्वतःच 'कुठे' विचारलं तर काय होतं, हे बाबांना कधी विचारायचं राहून गेलं असं तिच्या मनात आलं.

"कल्यानले. माया भावाकडे, सूर्यभानकडे. रेल्वेत हाये तो. आता माया बुढ्याचं आयका. हा असा, या ओट्यावर बसे. पान लावून द्या, चहा आनून द्या. हलनार नाई. तुमचं गाठोडं फडतायात ठेवलं अन् बुढा उठला. म्हने, मी द्वारकेले जातो. यात्रेच्या बशीत बसला अन् गेलाबी. तुमी शिकेल हा, सांगा बरं, द्वारका कोनीकडे हाये?"

"पश्चिमेला," चारुता कबूल झाली.

"मंग. मी दुसऱ्याच दिशी गाठोडं सूर्यभानच्या हाती देल्लं. मले बुढा वापस पायजे होता."

"आले का ते?"

"आले. आता रामेश्वर म्हनून रायले."

चारुता ओट्यावर टेकली. ऊन कलायला लागलं होतं. "दुर्गाबाई, मी आता घरी परत जाते. झालं एवढं पुष्कळ झालं."

"जा न. कोन धरलं? पन पासपोट कल्यानले हाये अन् तुमी अमरावतीले. दोगं दोन बाजूले राहून काय करान? जेवा आधी. सूर्यभानले फोन लावते, तो सांगन सीटचं."

चारुतानं स्वतःशी हिशोब मांडला. पासपोर्ट हवा तर कल्याणला जावंच लागेल. कल्याणला जायचं म्हणजे काही लंडनला जायचं नव्हे. तिनं सौमित्रला फोन केला.

"पासपोर्टचा पत्ता लागलाय. पण मी येईन असं धरून चालू नकोस."

"बरं. कुठे आहेस?"

"मलकापूरला."

सौमित्रनं गावाचं नाव पुन्हा विचारून घेतलं. "कोणाबरोबर?"

"गाठोडं पुढे गेलंय," चारुता म्हणाली. "मी त्याच्या मागे आहे."

दोन दिवस मलकापुरात गेले, कारण सूर्यभानला त्याआधीची सीट मिळाली नाही. निदान त्यानं तसं सांगितलं. दुर्गाबाईंनी तिला पापड लाटायला बसवलं, शेजारणींना दाखवलं, आणि म्हाताऱ्याला तिच्याकडून रामेश्वराचा रस्ता समजावून घेऊ दिला. मग एका संध्याकाळी तिला गाडीत बसवून त्या म्हणाल्या, "पोचल्या की सांगा. खुशालराव जेवत नाई, केये सोलून खाऊन रायले म्हनते."

*

कल्याण स्टेशनच्या बाहेर सूर्यभान गाडी घेऊन उभा होता. पांढरी मिशी, इस्त्रीचा सदरा. गाडीच्या पुढच्या सीटवर गाठोडं बसवलेलं होतं आणि त्याला पट्टा बांधलेला होता. चारुतासाठी त्यानं मागचं दार उघडलं.

"द्या ते माझ्याकडे," चारुता म्हणाली.

"अठी कसं देऊ, ताई? माया ताब्यात देल्लं ते पुढं न्यासाठी."

गाडी सुरू झाली. बऱ्याच वेळानं रस्त्यावरच्या पाट्या वाचता वाचता चारुताच्या लक्षात आलं, की ही विमानतळाची वाट आहे.

"थांबा. माझी बॅग अमरावतीला आहे. माझे स्वेटर, औषधं..."

"थंडी वाजली तं भाऊ स्वेटर घेईन न घेऊन. औषधं कशाची घेता?"

"पित्ताची."

"ते सगया जगात मियते."

"हे असं होत नाही हो. मी कुणाला सांगितलं नाही, तयारी नाही. बाबा असते तर..."

सूर्यभाननं आरशातून तिच्याकडे पाहिलं. "महाराजांचा फोन आल्ता मले. दिवाळीनंतर. माया बहिनीलेबी आल्ता, एकाच दुपारी."

चारुता पुढच्या सीटच्या पाठीवर हात ठेवून पुढे वाकली.

"मले म्हने, सूर्यभान, माझी पोर आपल्या पायानं निघायची नाही. मी आहे तोवर माझं नाव सांगेल. मी नसलो की माझ्या श्राद्धाचं सांगेल. ती भिते, अन् मी एकटा राहायला भित नाही हे तिला कोण सांगेल? ओढून तर नेता येत नाही. म्हणून तिचा पासपोर्ट पुढे पाठवून राहिलो. शेवटची जागा तुझी. विमानतळ दिसेपर्यंत तिच्या हातात द्यायचा नाही."

म्हैस आपली आपण गेली असेल, आणि दुर्गाबाईंचा म्हाताराही. पण बाकी सगळा रस्ता एका माणसानं बैठकीत बसून, तारेचा फोन हातात धरून, एका दुपारी आखलेला होता. एवढी वर्षं तिला वाटत होतं, आपण बाबांना सांभाळतोय आणि आपली भीती त्यांच्यापासून लपवतोय. आणि ते मात्र तिच्या सबबीचा भार मुकाट्यानं वाहत राहिले होते.

"हसत होते का ते?" तिनं विचारलं.

"लय. हसता हसता खोकला आला, तं मी म्हतलं, पानी घ्या जी."

विमानतळ दिसला तसा सूर्यभाननं पट्टा सोडला आणि दोन्ही हातांनी गाठोडं तिच्या ओंजळीत दिलं. चारुतानं वरची गाठ जराशी सैल करून पासपोर्ट ओढून काढला. दोन साड्या होत्या, ठेचा होता, दुर्गाबाईंचे पापड होते, पासपोर्ट होता. जवळ नव्हती ती फक्त सबब.

*

विमानात तिच्या शेजारी पंजाबकडची एक आजी होती, जी अशी दहाव्यांदा चालली होती आणि पट्टा कसा सोडायचा ते अजून शिकली नव्हती. चारुतानं तिचा पट्टा सोडून दिला. मग पुन्हा लावून दिला. आपलं भ्यायचं राहूनच गेलं, हे तिच्या लक्षात आलं तेव्हा विमान उतरायला लागलं होतं.

लंडनच्या विमानतळावरच्या अधिकाऱ्यानं पासपोर्ट उघडला. त्यातून हळदीच्या अक्षता त्याच्या टेबलावर सांडल्या. त्यानं तांदळाचा एक दाणा बोटानं उचलून पाहिला. कव्हरवर कुंकवाचा डाग होता, त्यावरही त्यानं बोट फिरवलं. इंग्रजीत हे कसं सांगावं याची चारुतानं मनात जुळवाजुळव केली, पण त्यानं वेगळंच विचारलं.

"एकट्याच आलात?"

"हो," ती म्हणाली. हा प्रश्न तिला आजवर कोणी विचारला नव्हता, आणि उत्तर इतकं लहान असेल असं तिला वाटलं नव्हतं.

बाहेर सौमित्र आणि जुईली उभे होते. सौमित्र तिच्या मागे बघत राहिला. "सामान?"

"पुढे गेलं होतं," चारुता म्हणाली. "मीच मागून आले."

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. खुशालरावांचा व्हिडिओ कॉल होता. सौमित्र म्हणाला, "हो हो, पोचली ताई."

"तुमचं काय खरं," खुशालराव म्हणाले. "तेराव्यालेबी तुमी म्हनत होते का त्या मांगं उभ्या हाये."

"अहो, होतीच ती."

"दाखवा."

सौमित्रनं फोन फिरवला. खुशालरावांनी त्या दिवाळीनंतर पहिल्यांदाच चारुताकडे सरळ पाहिलं, आणि पुष्कळ वेळ पाहिलं. "वायल्या जी तुमी, बारीक झाल्या," ते म्हणाले. मग मागे वळून ओरडले, "वाढ वं पान. केये खाऊन खाऊन तोंड आलं माया."

रात्री जुईलीनं तिला आपल्या खोलीत झोपवलं. वहिनीनं साग्रसंगीत स्वयंपाक केला होता, पण चारुताला दोन घासांपलीकडे गेलं नाही. काहीतरी करायचं राहिलं होतं.

सकाळी ती आवरून निघाली. सौमित्र म्हणाला, "थांब, मी येतो. बदलायच्या गाड्या आहेत."

"नको. मला माहीत आहेत." आणि तिला खरंच माहीत होत्या. एवढंच, की पुस्तकात जिने सरकत नव्हते.

नदीवरच्या पुलावर धुकं नव्हतं; चांगलं स्वच्छ ऊन होतं. तिची थोडी निराशा झाली. कठड्यापाशी एका बाकावर बसून तिनं गाठोडं सोडलं. नारळ आतून सुटून खुळखुळत होता. सुपारी होती, हळकुंड होतं, उरलेल्या अक्षता होत्या. ज्या फडक्यात ते बांधलं होतं ते बाबांच्या उपरण्याचं होतं. एक काठ तिनंच कधीतरी शिवलेला. नारळ नदीत सोडावा असं तिच्या मनात आलं, पण पुलाच्या टोकाशी एक पोलीस उभा होता आणि ही बाब त्याच्या हद्दीत येते की नाही याची तिला खात्री नव्हती. तिनं उपरणं घडी करून खांद्यावर टाकलं. अक्षता कबुतरांना घातल्या.

अमरावतीत दुपार झाली असणार. जेवणाची वेळ.

तिनं फोन काढला आणि घरचा नंबर लावला. तो तिला कधी लावावा लागला नव्हता, तरी पाठ होता. पलीकडे रिंग वाजू लागली. बैठकीत, खिडकीखालच्या तिवईवर, बंद घरात. तिला ती वाजताना दिसत होती. कोणी उचलणार नव्हतं. बाकावर शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या बाईनं हातातलं सँडविच खाली ठेवून तिच्याकडे पाहिलं.

रिंग वाजत होती तोवरच चारुता मोठ्यानं म्हणाली,

"बाबा, पोचले मी. आता जेवून घ्या."